धोट्याचा काठपदर

आमच्या घरात आजवर विणलेलं सर्वांत भारी कापड आमच्या कुत्र्यानं नेसलं.

आम्ही वडगावचे विणकर. घरात दोन पॉवरलूम, मी, बायको सुमन आणि धोटा. मागावर सुताची कांडी पोटात घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, तो धोटा. आमचं कुत्रंही दिवसभर गल्लीत तसंच धावायचं, म्हणून हे नाव. (पोटात मात्र कांडीऐवजी शेजारच्या आप्पांनी लाडानं भरवलेला खव्याचा गोड कुंदा असायचा!)

एकदा मांजरामागं पळताना धोटा गर्रकन वळला आणि मागचा पाय वर धरून केकाटायला लागला. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "पळायचं न्हाय, उडी न्हाय आणि कुंदा तर अजिबात न्हाय! सांधे आधीच झिजलेत, त्यात हे वजन. पोटाखालनं पट्टा घालून मागची बाजू उचलून धरा आणि सावकाश चालवा. तो पाय त्यानं आपणहून टेकला, की समजा जिंकलो."

पण धोटा पाय टेकेचना. दाराकडं तोंड करून नुसता पडून राहायचा. मागाच्या खडखडाटातही मला त्याचं कण्हणं ऐकू यायचं. हा परत चालला नाही तर?

"दुकानातनं पट्टा आणा की," सुमन म्हणाली.

"विणकराच्या घरात इकत आणलेला पट्टा? गल्लीत तोंड दाखवायची सोय ऱ्हाईल का?"

मी मागावर बसलो. त्यावर साडीसाठी आर्ट सिल्कचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढलेलाच होता, त्यामुळं काठ आयताच आला. मग हात शिवशिवायला लागले. काठ आहे तर पदर नको? पदर आहे तर जरीचे मोर नकोत?

ते मोर बघून सुमन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लग्नापास्नं सगळा माल व्यापाऱ्याकडं. मला एक साडी इणून दिल्यासा काय कधी? आणि कुत्र्याला काठपदर!"

"अगं, आजारी हाय त्यो."

"गेल्या साली मला ताप आलता, तवा काय दिल्यासा? क्रोसिनची गोळी!"

मी धोट्याला काठपदरात घेऊन बाहेर पडलो.

आता आमच्या वडगावात एक खोड आहे. कापड दिसलं की माणूस ते आधी चिमटीत धरून बघतो, मग बाकीची चौकशी. आप्पा चपला न घालताच धावत आले.

"आप्पा, धोट्याचा पाय बघा की..."

"पाय ऱ्हाऊ दे रं! जरी कुठली ही?"

चार बायका आल्या. पदर या हातातून त्या हातात गेला. धोटा बिचारा मधोमध लोंबकळत! आणि मी? मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण कौतुक माझं चाललं होतं ना!

"मोराची चोच बघा आप्पा, चोच!" म्हणत मी एक हात सोडला.

नेमकं त्याच वेळी तेच मांजर आडवं गेलं. धोट्यानं उसळी घेतली, गुळगुळीत कापडातून सटकला आणि मी "धोट्याऽऽ!" करत झेपावलो. माझाच पदर माझ्या पायात! मी गटारीच्या कडेला पालथा.

मी डोळे उघडलेच नाहीत. टाके तुटले असणार. मोराच्या चोचीपायी पोराचा पाय घालवला मी! भर गल्लीत मला हुंदका फुटला, खरंच सांगतो.

तेवढ्यात कानाला ओली जीभ लागली. मांजर सोडून धोटा माझ्याकडं आला होता.

"अवो, बघा!" सुमन दारातनं ओरडली. "पाय टेकलाय त्यानं! चारी पायांवर हुबा हाय!"

मीही आनंदानं उठायला गेलो. माझा पाय टेकेना.

डॉक्टरांनी धोट्याला तपासलं. "टाके शाबूत हायत. पाय टेकतोय, लई चांगलं." मग माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडं बघून म्हणाले, "ह्यांना मातूर माणसांच्या डॉक्टरकडं न्या."

सुमननं जुन्या सोलापुरी चादरीचा पट्टा शिवला. खरबरीत, साधा, अजिबात न सटकणारा. काही आठवड्यांत धोटा पट्ट्याशिवाय चालायला लागला. माझा गुडघा मात्र अजून कुरकुरत होता आणि काठी घ्यायला मी तयार नव्हतो. (म्हातारा झालोय का मी?) मग सुमननं ते मोरांचं कापड माझ्या कमरेला गुंडाळलं आणि टोक हातात धरलं.

आमची वरात गल्लीत निघाली. पुढं धोटा, चारी पायांवर, दर दोन घरांनी मागं वळून माझी वाट बघत. मधे मी. मागं सुमन. "तुमी इणलेला पदर शेवटी आला बघा माझ्या हातात," ती म्हणाली आणि हसली. पुढची साडी तिचीच, हे मी तिथल्या तिथं कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता, टोक तिच्या हातात होतं.

आप्पा बाहेर आले. कापड चिमटीत धरलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"कापड लई भारी हाय रं. आतला माल मातूर जुना."