ब्रेकची तक्रार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी लष्करी वर्कशॉपमधून मानानं निवृत्त झालो. झालोही — पण त्याआधी काय केलं, ते कुणाला ठाऊक आहे?

माझं काम गाड्या तपासायचं. हलक्या गाड्या, जीपसारख्या. चालण्याजोगी असेल तर 'योग्य' लिहायचं, नसेल तर 'बाद'. साधं वाटतं ना? आमच्याकडची एक गाडी मी चार वेळा बाद लिहिली. चारही वेळा कागद परत आला — बदली गाडी येईपर्यंत हीच चालवावी. आणि बदली गाडी कधी? नव्या गाड्यांच्या चाचण्या व्हायच्या, निविदा निघायच्या, अटी बदलायच्या, निविदा रद्द. पुन्हा चाचण्या. किती वर्षं हेच बघायचं माणसानं? साहेब बदलून जायचे, फाईल तिथंच. पाचव्या वेळी मी चिडून 'योग्य' लिहिलं. घ्या, चालवा.

पण ही ती चूक नव्हे. म्हणजे हीही आहेच — पण मी अजून दुसरीकडेच बोलतोय.

त्या गाडीवर ड्रायव्हर हरसूलचा नामदेव होता. आमच्यासारखाच नागरी कर्मचारी, अठरा वर्षं गाडीला ओरखडा नाही. एका सकाळी निघण्याआधी तो माझ्याकडे आला. ब्रेक दाबला की पाय पार खाली जातोय, दोनदा दाबल्यावर धरतो, म्हणाला. मी चहा पीत होतो. लिहून दे, असंसुद्धा म्हणालो नाही. हात हलवला — जा. नवी येईपर्यंत असंच.

इगतपुरीच्या पुढं, घाटाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. नामदेवनं गाडी डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून दरीत गेली नाही. शेजारी बसलेल्या जवानाचा पाय मात्र गुडघ्यापासून गेला.

चौकशी बसली. गाडीचा पुढचा भाग असा चेपला होता की ब्रेक आधी गेला की धडकेनं, ते सांगता येईना. नामदेव म्हणाला, मी तक्रार केली होती. अधिकाऱ्यांनी मला विचारलं. नामदेव माझ्याकडे बघत होता — निर्धास्त. मी सांगणारच, अशी खात्री होती त्याला.

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला काही सांगितलं नाही."

त्याला गाडीवरून काढून गोदामात टाकलं. पुन्हा कधी चाक हातात आलं नाही. वर्षभरानं नव्या गाड्या आल्या. हार घातले, नारळ फोडला, मी पेढे वाटले.

मागच्या महिन्यात तो गंगापूर रोडवर भेटला. औषधं घ्यायला आला होता. त्यानंच हाक मारली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मुलीच्या नोकरीचं, भाताचं. मग औषधांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"दादा, लय वर्षं मला वाटायचं, मी तुम्हाला सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "आता वाटतं, नसंल सांगितलं. माझ्याच डोक्यात गोंधळ झाला आसंल. तुमच्यावर उगाच राग धरला मी."

एवढंच बोलायचं होतं — सांगितलं होतंस, नामदेव. तीन शब्द. रस्त्यावर ओळखीचं कुणी नव्हतं. निवृत्त माणसाचं कोण काय बिघडवणार होतं?

मी म्हणालो, "असेल. होतं असं."