पायांखालचं नार्वे

हरमलमध्ये लोकर विकत घ्यावी लागत नाही. लोक ती टाकून जातात. पावसाळा सरला की हिमालयातून उतरलेले परदेशी पाहुणे तिथे घेतलेले जाडजूड स्वेटर घेऊन येतात, दोन दिवस आमच्या किनाऱ्यावर घाम गाळतात आणि खोली सोडताना ते स्वेटर जनेलाच्या गजांवर टांगून निघून जातात. आमच्या घरामागे भाड्याच्या दोन खोल्या आहेत. त्यांतून दर वर्षी निघणारी लोकर पाहून इथे कुणी मेंढ्या पाळतं असं वाटावं.

घरात माणसं दोनच, वहिनी आणि मी. थोरला भाऊ डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि थोड्याच दिवसांत तोही गेला. त्यांचा मुलगा बोटीवर असतो आणि समुद्राचे फोटो पाठवतो. समुद्र आम्हाला दारातूनही दिसतो, पण हे त्याला कोण सांगणार. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. लग्न केलं नाही. त्यामुळे भाषणं, अहवाल आणि मानपत्रं लिहायला माझ्याकडे वेळ असतो असा गावाचा समज आहे. तो खरा आहे, हे माझं दुर्दैव.

आधी वहिनी ते स्वेटर शेतावर येणाऱ्या मजुरांना द्यायची. ते नम्रपणे घ्यायचे आणि भातखाचरात बुजगावण्याला घालायचे. मग एका थंडीत मागच्या खोलीत एक म्हातारी गोरी बाई राहायला आली. ती थंड देशातली होती, आणि कशाच्याही शोधात आलेली नव्हती. आमच्याकडे उतरणाऱ्यांत हे दुर्मीळ. ती दिवसभर पडवीत बसून गोणपाटातून लोकर वर ओढायची. वहिनीला तिची भाषा येत नव्हती, तिला वहिनीची नाही. दोघी तीन आठवडे शेजारी बसल्या आणि वहिनी ते काम शिकली. मी पस्तीस वर्षं मुलांना त्यांच्याच भाषेत त्यांचीच भाषा शिकवत होतो. त्या तीन आठवड्यांकडे मी फार बारकाईने पाहिलं नाही.

काम सांगायला सोपं आहे. स्वेटर आधी कढत पाण्यात चुबकायचा, म्हणजे लोकर आटून घट्ट होते आणि कापली तरी उसवत नाही. मग तिच्या बोटभराहून बारीक पट्ट्या कापायच्या. पेंडीचं रिकामं पोतं धुऊन लाकडी चौकटीवर ताणायचं. आमची चौकट जुन्या खाटेची होती. कोळशाने आकृती काढायची. डाव्या हाताने पट्टी पोत्याखाली धरायची, उजव्या हाताने वरून आकडा घालायचा आणि विणीच्या भोकातून पट्टीचा एक फेर वर ओढायचा. शेजारच्या भोकातून दुसरा. असे हजारो. वहिनीचा आकडा छत्रीच्या काडीचा होता, टोक कानशीने घासून वळवलेलं, मूठ मोडक्या लाटण्याची. गाठ कुठेही मारायची नाही. फेर एकमेकांच्या दाटीने जागेवर राहतात, एवढाच त्याचा आधार.

तिची मी पाहिलेली पहिली कामं वाकडी होती. नंतरची मी उलटी करून पाहायला लागलो, कारण म्हातारी तसंच करायची. वरची बाजू रंगाने फसवू शकते. खालच्या बाजूला मात्र पट्ट्या एकमेकींना ओलांडून गेल्यात का, हे लगेच दिसतं. वहिनीच्या कामाची पाठ तांदूळ एकामागून एक मांडून ठेवावेत अशी दिसायची. पिवळा रंग ती फणसाच्या लाकडाच्या भुशातून काढायची. बाकीचे रंग पाहुण्यांनी सोडलेले.

बाहेरचे लोक त्याला गालिचा म्हणत. वहिनी पायपुसणं म्हणायची, आणि ते तसंच वापरलं जावं असा तिचा आग्रह होता. पण लोकर आमच्याकडे सोवळ्याची. धाबळी नेसून देवपूजा करणारी माणसं लोकरीवर पाय कसा ठेवणार? शेजारणी उंबऱ्यात यायच्या, साडी सावरायच्या आणि ते पायपुसणं बाजूने ओलांडून आत शिरायच्या. एकीचा चुकून पाय लागला, तर तिने वाकून हात लावून नमस्कार केला. ती गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "पाय लावल्याबगर ह्या कळतला कसां? आता घंटाच बांधूची ऱ्हवली."

त्यानंतर दर थंडीत येणारी म्हातारी चार वर्षांपूर्वी यायची थांबली. का, ते कळायला मार्ग नव्हता. त्याच सुमाराला वहिनीला जेवताना ताटाच्या कडेची भाजी दिसेनाशी झाली. म्हापशाच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं ते म्हणाले आणि रोज घालायचे थेंब लिहून दिले. परतताना तिने वाटेत पावाचे उंडे घेतले, ताजे आहेत का ते दाबून पाहिलं. डोळ्यांचा विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने सर्वांत मोठं पोतं धुवायला घातलं.

ते शेवटचं काम तिने जाणून केलं. तिचं माहेर डिचोलीकडच्या नार्वे गावचं. घराच्या पायरीपासून शेत, शेतातून बांध, बांध संपला की नदी. लहानपणी ती रोज याच बांधावरून अनवाणी नदीवर जायची. ते सगळं तिने पोत्यावर घेतलं, पण डोळ्यांसाठी नाही. नदीच्या जागी तिने मऊ लोकरीचे अगदी बुटके फेर काढले, पोत्याला टेकलेले. शेताला घोंगडीची खरखरीत लोकर, मधल्या उंचीची. बांध दोन बोटं रुंद आणि सगळ्यांत उंच, कोपऱ्यातल्या पायरीपासून नदीपर्यंत तिरका गेलेला. एका जागी बांध खचलेला असायचा म्हणे, तिथे तिने फेर खाली घेतले. हे पायपुसणं तिच्या खाटेखाली नाही, खाटेच्या कडेला राहणार होतं. दिसायचं पुरतं बंद झालं की सकाळी उठून पाय खाली सोडायचे आणि नार्व्याला जायचं.

हे सगळं तिने मला सांगितलं होतं. डोळे मिटून माझा पायही त्यावर फिरवायला लावला होता. मी दोनदा नदीत पडलो, असं ती म्हणाली. त्या कामाला तिला दीड वर्ष लागलं, आणि ते संपलं तेव्हा तिला समोरचं जेमतेम ताटाएवढं दिसत होतं.

काम संपल्यावर महिनाभरात गावच्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष घरी आले. भला माणूस. कुणाच्याही उपयोगी पडायला तयार, आणि ते उपयोगी पडल्याचं पाहायला चार माणसं जमवायलाही. मंडळाच्या वर्धापनदिनी वहिनीचा सत्कार करायचा ठरला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि मंचावर तिची एखादी कलाकृती. त्यांची नजर चौकटीवरून नुकत्याच उतरवलेल्या नार्व्यावर गेली. वहिनीने दुसरी तीन पायपुसणी काढून दाखवली. ती त्यांना लहान वाटली.

ते देवाच्या वस्तूसारखं जपू, असा शब्द त्यांनी दिला.

"तांच माका नाका," वहिनी म्हणाली. "देवाच्या वस्तूसारख्या नाका. पायपुसण्यासारख्या ठेवा, आनी चार दिसांत परत हाडून देया."

सगळे हसले. मीही. ती तरीही तयार नव्हती. तिला मी तयार केलं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, माणसं इतक्या प्रेमाने आली आहेत, असं म्हणालो. खरं तर मानपत्र मला लिहायचं होतं, आणि ते वाचलं जाताना मागे काहीतरी भव्य टांगलेलं असावं असं मला वाटत होतं. लोकांच्या समारंभांना आयुष्यभर नाकं मुरडणाऱ्या माणसाला एखादा समारंभ स्वतःचा वाटला, की तो असा वागतो.

मानपत्र मी चार रात्री घासून लिहिलं. त्यात 'गोमंतकाच्या मातीत शतकानुशतके रुजलेली परंपरा' असं एक वाक्य होतं. ती परंपरा आमच्याकडे भाड्याच्या स्कूटरवर बसून आली होती, हे मला ठाऊक होतं. पण ते खोटं कुणाचं नुकसान करणारं नव्हतं. नुकसान केलं ते गाळलेल्या वाक्याने. हे उंच-सखल फेर मुद्दाम काढले आहेत, पायांना कळावं म्हणून, एवढं एकच साधं वाक्य मी लिहिलं होतं आणि खोडलं होतं. मानपत्रात 'पाय' शोभत नव्हता. 'चरण' घालून पाहिलं, तर तो एखाद्या महाराजांचा सत्कार वाटायला लागला. मग मी तिथे 'लोकरीतून साकारलेले निसर्गकाव्य' असं लिहिलं आणि मजकूर अध्यक्षांकडे पाठवून दिला. पायपुसणंही त्याच दिवशी गेलं. त्याबरोबर तोंडी निरोप द्यावा, हेही मला सुचलं नाही.

सत्काराला मंडप होता, समई होती, आणि समईची वात पंख्याच्या वाऱ्याने तीनदा विझली. वहिनीला मधल्या कदेलावर, मोठ्या खुर्चीवर, बसवलं. शाल अंगावर आल्यावर तिने ती दोन बोटांत चुरडून पाहिली आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "भावोजी, ह्या प्लास्टिक."

मग दोरी ओढून पडदा बाजूला झाला. नार्वे मागे उभं होतं, सोनेरी चौकटीत, काचेखाली. मला दुरूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मानपत्र वाचून झालं, टाळ्या झाल्या. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि सांगू लागले की वहिनींनी हे काम दृष्टी क्षीण होत असताना पूर्ण केलं. साहजिकच त्यात ठिकठिकाणी उंच-सखलपणा राहून गेला होता. मंडळाने तो तसाच लोकांपुढे नेणं म्हणजे वहिनींचा अपमान झाला असता. म्हणून बाजारातल्या एका शिंपीदादांनी, पै न घेता, दोन दिवस खपून सगळं कातरून एकसारखं करून दिलं आहे, वर इस्त्रीही फिरवली आहे.

टाळ्या पुन्हा झाल्या. शिंपीदादांना उभं केलं. त्यांनी हात जोडले. त्यांचा चेहरा मनापासून आनंदलेला होता.

मी वहिनीकडे पाहिलं. तिने मांडीवरचा नारळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला घेतला. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तिने मान हलवून नकार दिला, आणि त्या नम्रतेलाही टाळ्या मिळाल्या.

घरी परतताना गाडीत तिने एवढंच विचारलं, "बांध सगळो गेलो?"

मी म्हणालो, काचेमुळे नीट दिसलं नाही. हे त्या दिवशीचं माझं शेवटचं साहित्य.

चार दिवसांचे चार महिने झाले. कलाकृती मंडळाच्या सभागृहात लागली होती आणि मान्यवर तिच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत होते. ती परत मागणं अध्यक्षांना समजेना. जमिनीवर टाकायला हवी आहे, हे सांगितल्यावर तर ते माझ्याकडे काळजीने पाहू लागले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, जे आधी एका वाक्यात लिहून खोडलं होतं ते. "अहो, पण तुम्ही लिहायला हवं होतंत," असं ते म्हणाले. त्यांनी स्वतः सुतार बोलावून काच काढली आणि गुंडाळी आमच्या दारात आणून दिली. आत आले नाहीत.

तोवर वहिनीचं दिसणं संपलं होतं. जनेल कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं. मी पायपुसणं खाटेच्या कडेला अंथरलं. ती खाटेवर बसली, दोन्ही पाय खाली सोडले आणि टाचा टेकवून कोपऱ्यातली पायरी शोधायला लागली. मग उजवा पाय तिरका पुढे सरकवला. परत आणला. डाव्याने पाहिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. शेवटी तिने दोन्ही पाय मधोमध आणून ठेवले.

"हयसर पूर इलोसो दिसता," ती म्हणाली.

नंतर तिने नवीन काम करून पाहिलं. पोत्याची भोकं बोटांनी चाचपून आकडा घालायचा, असं चार दिवस केलं. आकडा दोनदा डाव्या हाताच्या बोटात गेला. मग मी बसलो, ती सांगेल तसं. माझे फेर वर यायचे आणि पुढचा ओढला की मागचा निघून जायचा. घरातलं हे काम मी इतकी वर्षं पाहिलं होतं, उलटं करून त्याचं कौतुकही केलं होतं, आणि माझ्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. तिने मला थांबवलं नाही. एके दिवशी फक्त चौकट बाहेर ठेवायला सांगितली. खोल्यांत हल्ली मिळतात ते स्वेटरही शालीच्याच जातीचे. कढत पाण्यात आटत नाहीत.

नार्वे मात्र रोज थोडं थोडं जातं. शिंपीदादांनी कातरले ते फेर आता फेर राहिले नाहीत, नुसते सुटे तुकडे आहेत, आणि पोत्याला ते धरून ठेवायला गाठ नाही. त्यावर पाय ठेवला की एकदोन निसटतात. ते उचलून ठेवू या का, असं मी विचारलं, तर ती नको म्हणाली. रोज सकाळी उठून ती पाय त्यावरच सोडते. मागून मी केर काढतो. सुपलीत घोंगडीचे काळे तुकडे येतात, फणसाचे पिवळे येतात. बांध हिरव्या लोकरीचा होता. हिरवे जास्त येतात.

केरसुणीचा आवाज थांबला की ती विचारते, आज कितीसा निघाला.

मी थोडाच म्हणतो.

मी सुपली मागच्या दाराने बाहेर नेतो आणि माडाच्या आळ्यात रिकामी करतो.