घाडीकाकांचा जुना फोन

दिवेलागणीला घाडीकाका देवांना उदबत्ती ओवाळायचे आणि मग तीच उदबत्ती फोनलाही ओवाळायचे. फोन देव्हाऱ्याच्या फळीवर नारळाला टेकवून उभा केलेला असे. मी लालबागच्या त्या चाळीत राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी हा प्रकार उघड्या दारातून पाहिला आणि म्हातारबुवांचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय, अशी मनाशी नोंद करून मोकळी झाले. नोंदी करण्यात मी पहिल्यापासून पटाईत. विमा कंपनीत तीस वर्षं दुसरं केलंय काय?

उदबत्ती झाली की ते फोन लावत, स्पीकर सुरू करत, हात जोडून उभे राहत आणि अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घालत. अगदी अलीकडचं घ्या.

"बा देवा म्हाराजा, आज नववी खोली तुज्या पायाकडे उबी आसा!"

फोनमधून तीन-चार आवाज एकदम येत, "व्हय म्हाराजा!"

"तेंच्या नातवाचा धावीचा वरीस आसा, तेका पास कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या सोसायटीची लिफ्ट पंदरा दिवस बंद आसा. चेअरमनाक बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार जरा जास्त जोरात येई.

कोकणात त्यांच्या गावी देवासमोर सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मान घाडी घराण्याकडे. काका गिरणीत आले, गिरणी गेली, पण मान काही त्यांनी सोडला नाही. गावातल्या देवळाऐवजी चाळीची गॅलरी आली, एवढंच. एकेकाळी रोज संध्याकाळी अठ्ठावीस खोल्यांची माणसं आपापल्या दारात उभी राहून होकार भरायची म्हणे. मग चाळ पडणार, टॉवर होणार अशी बोलणी सुरू झाली. टॉवर काही आला नाही, पण माणसं तेवढी गेली. कुणी बदलापूरला, कुणी नालासोपाऱ्याला. खोल्यांना कुलपं लागली, काहींत चपलांची गोदामं आली. चौदा नंबरचे नायक विरारला गेले आणि त्यांच्या खोलीत मी आले. आईनंतर दादरच्या घरात भावजयीला माझी अडचण व्हायला लागली होती. ती बोलली नाही, मीच ओळखलं.

काकांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. डोंबिवलीला एक पुतण्या होता, तो सणासुदीला येऊन जाई. तर काकांनी काय केलं, सगळी चाळ फोनमध्ये भरली. नवव्या खोलीतल्या सुर्व्यांच्या सुनेने त्यांना नंबर घालून दिले होते, पण नावं नाहीत. खोली १, खोली २, अशा अठ्ठावीस खोल्या ओळीने. रोज एक खोली. आधी त्यांचं सुखदुःख विचारून घ्यायचं, मग ते देवाच्या कानावर घालायचं.

"पण काका, एकट्यानेच म्हटलं तर नाही का चालत?" मी एकदा विचारलं होतं. कुलूप उघडता उघडता, अर्ध्या मनाने.

"एकट्याच्या गाराण्याक अर्थ नाय गो बाय," ते म्हणाले. "सांगणारो येक आणि व्हय म्हणणारे धा. व्हय म्हणूक कोण नसात तर देव तरी आयकतलो कशाक?"

मी हसून दार लावून घेतलं. कानात गाणी घालून स्वयंपाक करायचा आणि जेवून झोपायचं, हा माझा नेम होता. नऊ वर्षं तो नेम मी पाळला. माझं काही वाईट चाललेलं नव्हतं. फक्त कधी कधी शनिवारी ऑफिसातून निघाल्यावर सोमवारी परत जाईपर्यंत आपण कुणाशीच बोललो नाही, हे सोमवारी घसा खाकरताना लक्षात यायचं.

फोनची अवस्था सांगायला हवी. काचेला तडा, त्यावर चिकटपट्टी. बॅटरी फुगलेली, म्हणून मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. कॅमेरा कधीच आंधळा झालेला. आणि दर दसऱ्याला यंत्रांची पूजा म्हणून काका फोनलाही हळदकुंकू वाहत. वर्षानुवर्षांचं ते कुंकू स्पीकरच्या भोकांत जाऊन बसलं होतं. त्यामुळे पलीकडचे आवाज दबके, लांबून यायचे. मला तर माझ्या दारात उभं राहून ते गॅलरीच्या दुसऱ्या टोकाकडून येताहेत असंच वाटायचं.

"बदला आता हा," मी म्हणायची. "एक दिवस भडकेल हातात."

"फोन म्हातारो झालोहा, तसो मी पण झालंय. माका कोण बदलता काय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग एका संध्याकाळी ऐन गाऱ्हाण्यात फोन बंद पडला. मी नुकतीच दारात आले होते. काका म्हणाले, "चूकमाक पोटात घाल रे म्हाराजा!" आणि थांबले. फोन काळा. काका हात जोडून तसेच उभे. मिनिटभर, दोन मिनिटं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. खांद्यावरची पिशवीही न उतरवता मी उंबऱ्यातून म्हटलं, "व्हय महाराजा." त्यांनी वळून पाहिलं नाही. शेवटची दोन वाक्यं म्हटली, मी दोनदा होकार दिला, आणि गाऱ्हाणं पुरं झालं.

नंतर ते वाटीत खोबरं-गूळ घेऊन आले. "बरा झाला तू होतंस," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून फोन वरचेवर दगा देऊ लागला आणि मला वरचेवर दारात उभं राहावं लागू लागलं. खरं सांगायचं तर मला ते जड व्हायला लागलं. साडेसातला कुणीतरी आपली वाट पाहतंय, याची मला सवयच नव्हती. गाडी चुकली तर काका खोळंबतील, ही टोचणी नको झाली. यावर उपाय सोपा होता. नवा फोन.

मी पाठीच लागले. काका म्हणाले, "देवाक इचारल्याशिवाय नाय."

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गावच्या देवळात गुरव देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलींची लग्नं, जमिनीचे वाद, विहिरी, सगळं या पाकळ्यांवर ठरत आलेलं. आता फोनचा प्रश्न. रविवारी सकाळी काकांनी गुरवाला फोन लावला. मी शेजारी बसले होते. गुरवाने प्रश्न घातला, "जुनो फोन सोडून नवो घेवचो काय, उजवो-डावो काय तो दी रे म्हाराजा." मग बराच वेळ फक्त देवळातल्या कबुतरांची फडफड. मग गुरव म्हणाला, "पडली! घाडीनू, पडली ती..." आणि फोन गेला.

काकांचा चेहरा बघवेना. मी माझ्या फोनवरून गुरवाला लावते म्हटलं. माझ्या खोलीत रेंज बरी येते, म्हणून तिकडे गेले. गुरव म्हणाला, "डावो दिल्यान. देव नको म्हणता. सांगा तेंका."

मी परत आले आणि म्हणाले, "उजवा दिला काका."

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग देवाला नमस्कार करून म्हणाले, "चल तर."

दादरला स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन फोन घेतला. जुन्यातल्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खोल्या नव्यात नीट आल्या, एकही इकडची तिकडे झाली नाही. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, बघ, तुझंच चुकलं होतं. काका दुकानातच विचारत बसले, नंबराचं नाव बदलायचं असेल तर कसं बदलायचं. मला घरी जायची घाई. मी दोनदा भराभर दाखवलं, तिसऱ्यांदा वैतागून दाखवलं.

त्या संध्याकाळी पुन्हा नववी खोली होती. सुर्व्यांची सून पलीकडून म्हणाली, "काका, नवीन फोन ना? मग व्हिडिओ लावा की, बघू दे तुम्हाला!" मीच पुढे होऊन बटण दाबलं.

चित्र अगदी स्वच्छ आलं. बदलापूरचं चकचकीत स्वयंपाकघर. सून पोळ्या लाटत होती. तिचा नवरा सोफ्यावर पाय पसरून टीव्ही बघत होता. दहावीचा नातू आतून कुठूनतरी ओरडून होकार देत होता. "व्हय म्हाराजा," नवरा म्हणाला, टीव्हीवरची नजर न काढता. मग कुणीतरी चौकार मारला असावा, कारण पुढचा होकार चुकीच्या जागी आला. सगळे हसले. काकाही हसले. गाऱ्हाणं त्यांनी पुरं केलं, पण आवाज उतरत गेला. दुसऱ्या दिवशी दहावी खोली रिक्षात होती. तिसऱ्या दिवशी अकरावी खोली आजारी आईला भरवत होती. कुणीही वाईट नव्हतं. इतकी वर्षं ती माणसं रोजच्या धबडग्यात म्हाताऱ्याचा फोन उचलत होती, हेच केवढं होतं. फक्त आजवर ते दिसलं नव्हतं.

चौथ्या दिवशी काकांच्या खोलीतून आवाज आला नाही. पाचव्याही नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. कानात गाणी घालून मी स्वयंपाक केला. पण साडेसात वाजले की हात थांबायचे. पंधरवडा गेला. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या दाराशी गेले. दार लोटलेलं. काका अंधारात खुर्चीवर बसले होते. नवा फोन खोक्यात घालून ठेवलेला आणि जुना, मेलेला, देव्हाऱ्याच्या फळीवर नारळाला टेकवून उभा.

"काका, गाऱ्हाणं?"

"कोणासमोर घालू?" ते म्हणाले. "माका वाटत होता, सगळी आपापल्या दारात उबी रवान हात जोडतत. तेंचो दोष नाय गो. तेंची घरा आता थंय आसत. माकाच कळूक नाय."

मी खाली बसले आणि सांगून टाकलं. कौल डावा होता. देव नको म्हणाला होता. मी खोटं बोलले.

"ठावक आसा," काका म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी गुरवाचो फोन इलो. नव्या फोनार पयलो फोन तेचोच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? परत का नाही केला?"

काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "माजी बायल गेल्यापासून माज्यासाठी कोण खोटा पण बोलूक नाय गो."

मी ते माझ्यासाठी बोलले होते, त्यांच्यासाठी नव्हे. साडेसातच्या कटकटीतून सुटण्यासाठी. आजही ते माझ्यापाशीच आहे.

काका उठले, दिवा लावला, उदबत्ती पेटवली. मला म्हणाले, "उबी ऱ्हव. थंय नको, दारात." मी दारात उभी राहिले. पहिला होकार माझ्या तोंडातून पुटपुटल्यासारखा आला. "मोठ्यान म्हण. देवाक आयकाक जावक व्हया," ते म्हणाले आणि पुन्हा देवाकडे वळले.

"बा देवा म्हाराजा, चवदाव्या खोलयेत येक बाय एकटीच ऱ्हवता. तिच्या दारात येणारा-जाणारा कोणतरी आसांदे रे म्हाराजा!"

होकार देणारी मी एकटीच. दुसरं कुणी नव्हतंच म्हणायला. मी चौकटीला हात टेकून नुसती त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. काका थांबले. त्या दिवशी फोन बंद पडल्यावर थांबले होते तसेच, हात जोडून, मागे न बघता. मग मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

त्यानंतर सात महिने मी रोज साडेसातच्या आत घरी पोहोचले. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, माझं कुठेतरी जमलं. मी तसं वाटू दिलं. काका रोज नव्या खोलीचं गाऱ्हाणं घालत. दुपारी फोन करून प्रत्येकाची खबरबात घेत, पण संध्याकाळी फोन खोक्यात आणि मी दारात. बदलापूरची लिफ्ट सुरू झाली. नातू पास झाला. पंधराव्या खोलीतल्या म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं. या सगळ्याला माझा होकार होता, याचा मला उगाचच अभिमान वाटायचा.

श्रावणात त्यांना ताप आला. परळच्या इस्पितळात चार दिवस होते. तिथेही संध्याकाळी त्यांनी हात जोडले, ओठ हलले, आवाज फुटला नाही. मी अंदाजाने जिथे जिथे ते थांबले तिथे तिथे होकार दिला. शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती. बघू देत. पाचव्या दिवशी पहाटे गेले.

तेराव्यानंतर डोंबिवलीचा पुतण्या खोली आवरायला आला. जाताना नवा फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका सांगून गेलेत, हा त्या बाईंचा." मी तो चालू केला. ओळीने सगळ्या खोल्या होत्या. गेलेल्या माणसांच्याही, कधीच न उचलणाऱ्यांच्याही. विरारच्या नायकांचा नंबर मात्र आता सगळ्यात शेवटी होता आणि त्यावर खोली नव्हती, नुसतं 'नायक' होतं. वर तेरा आणि पंधराच्या मध्ये 'खोली १४' होती. त्यावर बोट ठेवलं, तर हातातल्या पिशवीत माझा फोन वाजायला लागला.

दुकानात तिसऱ्यांदा दाखवताना मी वैतागले होते, ते तेव्हा आठवलं आणि मी तिथेच पायरीवर बसून खूप रडले.

आता काकांच्या खोलीला कुलूप आहे. दिवेलागणीला मी दार उघडं ठेवते, दिवा लावते, दारात उभी राहते. पण पुढे काही होत नाही. गाऱ्हाणं मला येत नाही. मला होकार तेवढा येतो.