मंगलचा डावा कान

मंगलला वाडीत कुणी चांगलं म्हणत नाही. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी बारा घरांची वाडी; त्यातल्या अकरा घरांशी तिचं वाकडं, आणि बारावं तिचं स्वतःचं, तिथं तर रोजच जुंपलेली. हाक मारली तर ओ देत नाही, विचारलं तर मान फिरवते, नाहीतर उगाच हसते. "लई माज हाय भवानीला," असं बायका तोंडावर म्हणतात. मंगलचं उत्तर ठरलेलं. "हाय माज! तुमच्या बापाचं काय खाल्लं?"

आता खरं काय ते सांगतो. तिला डाव्या कानानं ऐकूच येत नव्हतं.

उत्रोलीला माहेरी होती, तेव्हापासून तो कान वाहायचा. सर्दी झाली की ठणकायचा, फुटायचा, चार दिवस पू यायचा, थांबायचा; पुढच्या सर्दीला पुन्हा तेच. भातलावणीच्या घाईत पोरीला डॉक्टरकडं नेतो कोण! लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "पावनं उजव्या अंगाला बसतील असं बघ. न्हाईच ऐकू आलं तर हसून मान हलव." मंगलनं मान हलवली आणि लग्न झालं. पुढं अकरा वर्षं कानात कापसाचा बोळा आणि त्यावर पदर, असा तिनं संसार केला. माजोरी सुनेला लोक शिव्या देत का होईना नांदवतात, बहिरीला माहेरी धाडतात, असं तिनं मनाशी पक्कं धरलेलं.

सासू सोजराबाई. जिभेला हाड नाही. सून आल्यापासून तिचं एकच पालुपद, "कानामागून आली अन् तिखट झाली." मात्र वाडीत तिला मान होता, आणि तो कानांमुळंच. कुंपणावर कानफुटीचा वेल चढतो, फुग्यासारखी फळं येतात, तो सगळ्यांना ठाऊक. पण त्याचा पाला ठेचून, तेलात कोमट करून पोरांच्या कानात पिळायचा तो सोजराबाईनंच. कुणी शंका काढली की म्हणायची, "आगं नाव बघ की! फुटल्या कानाला कानफुटी. देवानं नावातच औषद सांगितलंय, आन तुमी डाक्टरला इचारताय?"

भाद्रपदात मंगलची सात वर्षांची पोरगी प्रांजल सर्दीनं पडली. दोन दिवस कान धरून किंचाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी उशी पिवळी भिजलेली, आणि पोरगी शांत. सोजराबाई जिंकल्यासारखी उठली. "फुटला बघ! घाण गेली. आता रस घातला की झालं." पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, वाटी कलती केली.

मंगलनं तिचं मनगट धरलं.

"आत्याबाई, थेंब जरी आत गेला तर बघा."

"सोड! सासूवर हात टाकतीस? दत्ता, बघ रं तुझी बायकू!"

दत्ता, म्हणजे मंगलचा नवरा, दुधाची किटली घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "आगं, आय सगळ्यांनाच घालती की. तुलाच काय झालंय?"

मग मंगलनं पदर खाली ओढला, कानातला बोळा उपसला आणि सासूच्या नाकासमोर धरला. घरात कुबट वास सुटला. "ह्ये झालंय मला! माझ्या आयनं हाच पाला पिळला व्हता. भैरी हाय मी ह्या कानानं. समजलं? आता धाडा म्हायेरी, न्हाईतर जाळा. पन माझ्या पोरीच्या कानाला हात लावायचा न्हाई!"

वाटी सोजराबाईच्या हातातच राहिली. बोलली ती पोरीच्या कानाबद्दल नाहीच. म्हणाली, "फसवलं आमाला. अकरा वर्सं फसवलं."

मंगलनं पोरीला उचललं आणि निघाली. टेम्पोनं खाली, पुढं कापूरहोळ, तिथून एसटीनं भोर.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी प्रांजलला तपासलं. म्हणाल्या, "नाकातून कानात एक नळी जाते. पोरांची ती आखूड नि आडवी. सर्दीनं ती सुजते, बंद पडते, मग पडद्यामागं पू तुंबतो आणि शेवटी पडदा फोडून बाहेर येतो. फुटला की ठणका थांबतो, म्हणून लोकांना वाटतं बरं झालं. दुसऱ्या कानातही पाणी साचलंय. सध्या तिला कमीच ऐकू येत असणार." पडद्याचं भोक बारीक होतं, ताजं होतं. पोटात औषध गेलं आणि कान कोरडा राहिला तर ते आपोआप भरून येईल, असं त्या म्हणाल्या. "तेल, पाणी, रस, काही नाही. भोकातून ते थेट आत जातं."

मग मंगलची पाळी. बाईंनी चिमट्यासारखं दोन टोकांचं लोखंड ठोकून वाजतं केलं आणि डाव्या कानापुढं धरलं, काही नाही. तेच कानामागच्या हाडावर टेकवलं, तर घुमल्यासारखं ऐकू आलं. मंगल दचकली.

"नस शाबूत आहे तुमची. पडद्यामागं तीन इवलीशी हाडं असतात, आवाज पुढं नेणारी. इतकी वर्षं पू राहून त्यातलं एक झिजून गेलंय. पडदाही फार उरला नाही. ऑपरेशन करता येईल."

"माझं ऱ्हाऊ द्या. हिची हाडं?"

"हिची धड आहेत. अजून."

तो 'अजून' ऐकून मंगलनं पोरीला जवळ ओढलं. परतीच्या एसटीत तिला मरणाचा राग आला. सासूचा कमी, आईचा जास्त. आईनं मान हलवायला शिकवली, पण कान कुणाला दाखवला नाही.

घरी उघड वैर सुरू झालं. म्हातारीनं वाडीभर डांगोरा पिटला, "भैरी गळ्यात मारली, आता नातबी तिच्यावरच गेली." मंगलनं कुंपणावरचा वेल मुळासकट उपटला. पोरीला न्हाऊ घालताना कानात वॅसलीन लावलेला कापूस, झोपताना पोरगी स्वतःच्या कुशीत. रोज मागं उभं राहून ती हळूच हाक मारायची. प्रांजल वळायची नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पोरगी बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागली होती, अगदी मंगल बघायची तशी.

अठरा-एकोणीस दिवस झाले असतील. दुपारी प्रांजल अंगणात पाठमोरी बसून करडाला पाला चारत होती. सोजराबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मंगल घागर घेऊन तिच्या पुढून आत गेली, आणि म्हातारी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. मंगलला त्यातलं अक्षर कळलं नाही.

"आजे, आईला भैरट सटवी का म्हनलीस गं?" प्रांजलनं मागं न बघताच विचारलं.

मंगलनं घागर खाली टेकवली. "काय म्हनली आजी?"

"भैरट सटवी."

"तुला तितनं ऐकू आलं?"

"व्हय. लई हळू म्हनली."

मंगल हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सोजराबाई चिडून सूप आपटून उठली. "काय झालं दात काढायला?"

"आत्याबाई," मंगल तिच्यापुढं हात जोडून म्हणाली, "आजून एकदा म्हना. आजून हळू म्हना."