मुदतवाले भाऊ

मुदतवाले भाऊ कुणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे. पान उलटायचं राहिलं असेल तर स्वतः उठून उलटायचे, मगच खुर्चीवर टेकायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जीएसटीचं रिटर्न, कामगारांचा पीएफ, सगळ्या तारखा त्यांना तोंडपाठ, म्हणून बाजारात हे नाव पडलेलं.

मंठ्यात माझा शेव-चिवड्याचा कारखाना, कामाला बावीस बाया. भाऊ आमचं कराचं काम बघायला जालन्याहून एसटीनं यायचे. फोनवर होणाऱ्या कामालाही यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकरूबाळ नाही. "घरी कुलूप वाट बघून राह्यलंय, त्याला कशाची घाई?" असं म्हणून चिवड्याची बशी पुढं ओढायचे. मीठ कमी आहे, हे दर वेळी सांगायचेच.

फरसाणावरचा कर बारावरून पाचावर आला, तेव्हा घटस्थापनेला सकाळच्या पहिल्या गाडीनं हजर. "ताई, पुड्यांवरचा भाव उतरवा आधी. कर कमी झाला तर तो गिऱ्हाइकाच्या पिशवीत दिसला पाहिजे, आपल्या गल्ल्यात न्हाई." आम्ही दोघं दिवसभर पुड्यांना नव्या चिठ्ठ्या डकवत बसलो. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग कामगारांचे नवे कायदे आले. मला काही उमगेना. भाऊ म्हणाले, "भाकरीत निम्मं तरी पीठ लागतं ना? तसंच. पगारात निम्मा तरी मूळ पगार पाहिजे, नुसत्या भत्त्यांचं पाणी घालून थापायचं न्हाई."

प्रत्येक बाईला नेमणुकीचं पत्र द्यायचं होतं. सह्या घेऊन भागलं असतं. पण भाऊंनी एकेकीला समोर बसवून अख्खं पत्र वाचून दाखवलं. आमची कडुबाई पदराआड हसली. "साहेब, अठरा वर्सं झाली शेव पाडून राह्यले, अन् नेमणूक आज व्हय?"

"उशीर सरकारला झाला, कडुबाई. तुम्ही येळेवरच आल्त्या."

माझी सून कॉमर्स शिकलेली. एक दिवस म्हणाली, "आई, हे सगळं आता मोबाइलवर होतं. काकांना कशाला दर महिन्याला त्रास?" तिचं बराबर होतं. बाजारातल्या दुकानदारांनीही एकेक करून आपापल्या फायली परत नेल्या होत्या. त्यांच्याकडं आमचीच शेवटची उरली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी 'बरं' म्हणाले.

भाऊ स्वतःच फाइल घेऊन आले. सुनेला पासवर्ड लिहून दिले, जुनी चलनं दाखवली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. "काका, आता आराम करा," सून म्हणाली.

"करायचाच आहे," म्हणाले. पाचची गाडी होती. निघतो म्हणून पिशवी उचलली, अन् पुन्हा मांडीवर ठेवली.

'फाइल राहू द्या तुमच्याकडंच, येत जा', एवढंच मला म्हणायचं होतं. मालकीण मीच, कोण आडवं येणार होतं? पण मी चहाचं विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा चहाचंच विचारलं. सात वाजेपर्यंत ते बसून राहिले. तुरीचं बोलले, गुडघ्यांचं बोलले, अन् शेवटी मीच म्हणाले, "भाऊ, शेवटची गाडी चुकंल."

तसे ते लगेच उठले. त्यानंतर मंठ्यात त्यांचं काही काम उरलं नाही.