शाळिग्रामाची मेंदी

आमच्या कुत्र्याला मी मेंदी लावली. यात माझी काहीही चूक नाही. असलीच तर ती सुहास दामलेची आहे.

दामले आणि मी एकाच वर्षी पुण्याहून नेदरलँड्सला आलो. एकच कंपनी, एकच प्रोजेक्ट. आता नीउ-व्हेनेपमध्ये एकाच रस्त्यावर राहतो, फक्त त्याचं घर कोपऱ्यावरचं आहे. (कोपऱ्यावरच्या घराला तिन्ही बाजूंनी खिडक्या असतात. हे मला माहीत आहे, कारण दामलेने ते मला सांगितलं आहे. बऱ्याचदा.) मी डच भाषेच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा तो परीक्षा पास होऊन पेढे वाटत होता. मी मुलीला शाळेत सोडायला साधी सायकल घेतली, तर त्याने पुढे लाकडी पेटी असलेली बाकफीट्स घेतली आणि वर मलाच म्हणाला, "लागली तर केव्हाही ने, संकोच करू नकोस." माणूस दुष्ट असता तर किती सोय झाली असती! पण दामले स्वभावाने गोड. त्यामुळे उघड चिडता येत नाही, आतल्या आत जळावं लागतं. माझं देवाकडे एकच मागणं होतं. दामलेने एकदा, फक्त एकदा, माझं काहीतरी बघून जळावं.

अशात एका शनिवारी तो आमच्या दारात उभा. काखेत एक झिपरा प्राणी.

"हा बॅरन," दामले म्हणाला. "यॉर्कशायर टेरियरच्या घराण्यातला. पण साधा नाही हं, बीवर!"

"अय्या, कित्ती गोड!" माझी बायको मृणाल धावली. आमची नऊ वर्षांची ईरा तर डचमध्ये किंचाळायलाच लागली. (आनंद झाला की ती डचमध्ये जाते, राग आला की इंग्रजीत. मराठीत फक्त भूक लागते.)

मग दामलेने आमच्या सोफ्यावर बसून व्याख्यान दिलं. यॉर्कीचा खरा रंग म्हणजे पाठ पोलादी निळी आणि डोकं, पाय सोनेरी. काही चॉकलेटी निघतात. काही पांढरे ठिपकेवाले. बीवर मात्र पांढरा, काळा आणि सोनेरी, तिन्ही रंगांचा, मूळचा जर्मनीतला. वजन म्हणाल तर साधारण तीन किलो. "टीकप, मिनी वगैरे सगळी विकणाऱ्यांनी काढलेली नावं. कपात मावणारं कुत्रं हवं असेल तर ते आजारीच असणार." एवढं बोलून त्याने बॅरनची वंशावळ काढली. पणजोबांपर्यंत! पणजोबा कुठल्याशा स्पर्धेत पहिले आले होते. आमच्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी माझ्या आजोबांचंसुद्धा नाव विचारलं नव्हतं.

तो गेल्यावर मी मृणालला म्हटलं, "आपणही कुत्रा घेऊ."

"तुला तर कुत्र्यांची शिंक येते."

"लहान कुत्र्याची लहान येईल."

टिलबर्गजवळच्या एका गावात एक बाई घरीच यॉर्कीची पिल्लं वाढवतात असं कळलं. आम्ही गेलो. एकच पिल्लू उरलं होतं. पाहतो तर काळंभोर! भुवयांवर तांबूस ठिपके, पंजे तेवढे तांबूस, बाकी सगळा गोळा डांबरासारखा काळा. माझ्या डोळ्यांसमोर दामलेची रंगांची यादी उभी राहिली. तिच्यात काळा नव्हता! म्हणजे हा दुर्मीळ! बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत रंगाबद्दल बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मी "या, या", म्हणजे हो हो, करत होतो. (डच क्लासमध्ये मला एवढंच उत्तम जमायचं.) नाव मी गाडीतच ठरवलं: शाळिग्राम.

"बाबा, नोबडी कॅन से दॅट," ईरा म्हणाली.

खरंच कुणाला म्हणता येईना. समोरच्या आनेकेबाई त्याला "शाली" म्हणू लागल्या.

दिवाळीच्या फराळाला दामले आणि त्याची बायको केतकी यांच्याकडे सगळे जमले होते. मी शाळिग्रामला मुद्दाम मांडीवर घेऊन बसलो. बॅरन कोपऱ्यात आपल्या पणजोबांच्या इभ्रतीला शोभेल असा बसला होता.

"हा ब्लॅक यॉर्की," मी चारचौघांत म्हणालो. "फार कमी मिळतो. पक्का रंग."

दामलेने शाळिग्रामकडे नीट निरखून पाहिलं. "अव्या, अरे पण यॉर्कीची पिल्लं सगळीच आधी..."

"दामल्या, चकली मस्त झालीये रे!" मी म्हणालो आणि विषय बदलला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काहीतरी होतं जे त्याच्याकडे नव्हतं, त्यावर मी त्याला बोलू देणार होतो थोडाच?

नाताळ उलटला आणि शाळिग्राम उतरायला लागला. म्हणजे रंगाने. आधी मानेजवळ एक राखाडी झाक दिसली. मी ओल्या फडक्याने पुसली. गेली नाही. मग डोकं फिकं पडलं, मग पाय. मार्चपर्यंत पाठ अशी झाली, जशी स्टीलची कढई घासून घासून होते. वर्षाचंही झालं नव्हतं पोर, आणि केस पिकले!

"टेन्शन घेतलं असेल त्याने," मृणाल म्हणाली. "तुझ्यासोबत राहतोय ना."

मला घाम फुटला. सगळ्या मराठी मंडळींसमोर 'पक्का रंग' म्हणून बसलो होतो! त्यात दामलेच्या घराला तीन बाजूंनी खिडक्या. मी शाळिग्रामला घेऊन निघालो की तो हमखास एका तरी खिडकीत यायचा आणि हातात कॉफी घेऊन टक लावून बघत राहायचा. हसत असणार! दुसरं काय? मग मी मागच्या कालव्याच्या कडेने फिरवायला लागलो. तर तो कालव्याकडच्या खिडकीत! शेवटी मी शाळिग्रामसाठी काळा स्वेटर आणला.

"बाहेर ऊन पडलंय अविनाश," मृणाल म्हणाली.

"त्याला थंडी वाजते."

"त्याची जीभ बाहेर आहे."

एप्रिलच्या शेवटी इथे राजाचा वाढदिवस असतो. सगळा देश रस्त्यावर उतरतो, मुलं फुटपाथवर चादरी पसरून जुनी खेळणी विकतात. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांची छोटी परेड ठरली. परीक्षक आनेकेबाई. गल्लीच्या ग्रुपवर लगेच दामलेचा मेसेज आला: "अव्या, तुझा ब्लॅक यॉर्की आणतोयस ना? सगळ्यांना बघायचाय!" पुढे एक हसरा चेहरा.

तो हसरा चेहरा मला जिव्हारी लागला. न जावं, तर पळपुटा. जावं, तर खोटारडा.

परेडच्या आदल्या दिवशी सकाळी मृणाल आणि ईरा केशरी टोप्या आणायला बाहेर पडल्या. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि ओट्यावर मला लोखंडी कढई दिसली. तिच्यात मृणालने स्वतःच्या केसांसाठी मेंदी भिजवून ठेवली होती. मृणालचे केस काळेभोर असतात. मृणाल दर महिन्याला मेंदी लावते. इंजिनियर माणसाला एवढा हिशेब पुरतो. (त्यानंतर ती दुसऱ्या एका डब्यातलं आणखी काहीतरी लावते आणि काळा रंग त्याने येतो, हे मला लग्नाच्या चौदाव्या वर्षी, त्याच दिवशी संध्याकाळी कळलं.)

नुसती पाठ रंगवली तर ठिगळ दिसेल म्हणून मी सगळीकडेच लावली. डोळे आणि नाक तेवढं सोडलं. शाळिग्राम बाथटबमध्ये गुपचूप उभा होता. वरून मृणालची शॉवर कॅप बांधली, कारण ती अशीच बांधते. मग त्याला मांडीवर धरून मी टबात बसून राहिलो. (शुद्ध पाला होता, त्याला काही अपाय नाही. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर तपासून सांगितलं, हसून झाल्यावर.)

तेवढ्यात दार वाजलं. दोघी परत आल्या होत्या.

"बाबा? व्हाय डझ इट स्मेल लाइक आजी इन देअर?"

"आलोच!"

"अविनाश, माझी मेंदी कुठेय?" मृणालचा आवाज. "कढई रिकामी कशी?... अविनाश?... शाळ्या कुठे आहे?"

मी घाईघाईने शॉवर सोडला. पाणी आधी हिरवं गेलं, मग तपकिरी, मग स्वच्छ. आणि टबाच्या मधोमध एक कुत्रा प्रकट झाला. केशरी! पाठ तांब्याची, पाय गाजराचे, डोकं तर असं पेटलेलं की बाथरूमचा दिवा लावायची गरज नव्हती.

मृणालने दार उघडलं, बघितलं आणि टबाच्या काठावर बसली. "पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी लावली की काय होतं, हे तुला माहीत नव्हतं? तुझ्या बापूकाकांचं डोकं काय जन्मजात तसं होतं?"

 ईरा लोळून हसत होती, आणि तेही मराठीत!

दुसऱ्या दिवशी मी परेडला जाणार नव्हतो. ईराने नेलं. तोंड लपवत मी मागे. आम्ही कोपरा वळलो आणि गल्लीत एकच आरोळी उठली, "ओरान्ये!" (म्हणजे केशरी, इथल्या राजघराण्याचा रंग.) अख्खा रस्ता केशरी. केशरी टोप्या, केशरी गाल, केशरी झालरी, आणि मधून चाललेला अंतर्बाह्य केशरी शाळिग्राम! लोक फोटो काढायला धावले. एका आजोबांनी राजासाठी इतके कष्ट घेणारे परदेशी मी पहिल्यांदाच पाहतोय म्हणून माझा हात हातात घेतला. आनेकेबाईंनी डोळे पुसत पहिला नंबर जाहीर केला. बॅरनच्या गळ्यात एवढीशी केशरी रिबीन होती. पणजोबा पाहायला नव्हते, बरं झालं.

मी जिंकलो होतो! दामलेला हरवून! कप हातात घेऊन मी आधी त्याचा चेहरा शोधला. आता जळेल, आता काळवंडेल, तो क्षण मला डोळे भरून बघायचा होता.

दामले टाळ्या वाजवत होता. मनापासून. सगळ्यांत जोरात. मग धावत आला आणि त्याने मला मिठी मारली.

"वाईट नाही वाटलं तुला?" मला राहवलंच नाही.

"वाईट? अव्या, गेल्या कित्येक महिन्यांत आज पहिल्यांदा मला बरं वाटतंय!" दामले म्हणाला. "खरं सांगू? तुझा कुत्रा मोठा होत गेला तसा काय रंग धरला रे त्याने! पोलादी निळा. तोच तर यॉर्कीचा खरा रंग. सगळी पिल्लं काळी जन्मतात, पण असा निळा लाखात एखाद्याला येतो. आमच्या बॅरनला जन्मात येणार नाही. मी रोज खिडकीत उभा राहून तुझ्या शाळिग्रामकडे बघायचो आणि जळायचो. सकाळी पुढच्या खिडकीतून, संध्याकाळी कालव्याकडच्या. तू त्याला स्वेटर घालायला लागलास तेव्हा वाटलं, याला कळलं, दृष्ट लागू नये म्हणून झाकतोय. केतकी म्हणाली, तुला झालंय काय, जेवत का नाहीस? तिला काय सांगणार!"

मी कप हातात धरून उभा होतो.

"म्हणजे तू... नाताळपासून... जळत होतास? माझ्यावर?"

"रोज!" दामलेने समाधानाने शाळिग्रामच्या गाजरी डोक्यावरून हात फिरवला. "पण आता अगदी मोकळं वाटतंय बघ. किती दिवस टिकते रे मेंदी?"

"केस वाढून कापले जाईपर्यंत," मृणाल मागून म्हणाली. "वर्ष तरी जाईल."

"वा!" असं म्हणून दामले घरी गेला आणि केतकीकडून त्याने दोन ताटं श्रीखंडपुरी मागून खाल्ली. मी मात्र त्या दिवसापासून जेवलो की उठतो, खिडकीत जाऊन उभा राहतो आणि मेंदीखाली गेलेला तो निळा आठवत बाहेरच्या माझ्याच कुत्र्याकडे बघून जळतो.