गोरखमुंडीचा अर्क

हकीम करीम गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही भाजीवाल्याकडून. घरच्यांनी निरोप धाडला नव्हता. धाडावा असं मी काही केलंही नव्हतं...

निजामाच्या राज्यात आम्ही दोघं उर्दू शाळेत एका बाकावर शिकलो. हिवाळ्यात तो मला फुलंब्रीकडच्या आटत्या तळ्यांवर न्यायचा. तिथं गाळात गोरखमुंडी माजलेली असायची, जांभळ्या गोंड्यांची. उपटली की हाताला उग्र वास लागे, तो दोनदा धुऊनही जात नसे. त्याचे वडील तिचा अर्क काढत, पुढं करीमही काढू लागला. माझ्या आईच्या अंगावरची जुनाट खाज त्यानंच घालवली.

पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, दफ्तराची भाषा बदलली. मी कचेरीत कारकून लागलो. काही वर्षांनी हकिमांना नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा करीम आपली सनद घेऊन माझ्याच टेबलासमोर उभा राहिला. सनद उर्दूत. बाहेरून बदलून आलेल्या साहेबांनी विचारलं, "इथं कुणाला हे वाचता येतं?" निजामाचा माणूस ठरण्याची तेव्हा मला फार भीती वाटे. मी म्हणालो, "नाही, साहेब." करीमनं माझ्याकडं एकदाच पाहिलं, सनद गुंडाळली अन् गेला. नोंदणी झाली नाही, दवाखान्याची पाटी उतरली. पुढची तीस वर्षं तो एका किराणा दुकानात पुड्या बांधत राहिला. रस्त्यात भेटला तर "काय साहेब, बरं हाय ना?" एवढंच, तेही मराठीत. मला 'साहेब' म्हणणारा हा करीम मला सोसवत नसे. माफी मागायला मी दोन-तीनदा निघालो, अन् त्याच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो.

गेल्या आठवड्यात त्याची मुलगी शाहीन आली. मराठी शाळेत शिकवते. हातात बापाची वही होती.

"काका, अब्बांनी अर्काची कृती लिहून ठेवलीय, पण उर्दूत. मला वाचता येत नाय."

"त्यानं सांगितलं होतं, माझ्याकडं ये म्हणून?"

"नाय. अब्बा म्हणायचे, काकांना उर्दू येत नाय, कचेरीतच तसं म्हणाले होते. अम्मी म्हणली, तरी एकदा विचारून बघ."

मी चष्मा लावला. मुंडी फुलोऱ्यात असताना घ्यावी, सावलीत वाळवावी, रात्रभर भिजत घालून मंद आचेवर अर्क काढावा... मी वाचत गेलो, ती लिहीत गेली. दोन पानं कुठंही न अडखळता झाली. मग तिचा पेन थांबला.

"म्हणजे तुम्हाला येत होतं," ती म्हणाली.

वही तिनं माझ्या हातातून अलगद काढून घेतली. उरलेली पानं वाचायची राहिली.